ज्याचं त्याचं पाणी

फ्रान्समधल्या एका तळ्याकाठी मासे धरायला गेलेलं मराठी कुटुंब. सामानात गळ, आमिष, तंबू... आणि आजोबांच्या सहीसाठी आणलेली एक फाईल!

मासा धरायचा, त्याचं वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा! बरं, एवढ्यासाठी आठवड्याची रजा काढायची, मोटारीच्या टपावर सामान बांधायचं आणि समुद्राखालून पलीकडच्या देशात जायचं! आजोबांना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांना वाटलं, नातू थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. २०१८चा ऑगस्ट महिना. मुलगा, सून आणि तेरा वर्षांचा नातू असं हे कुटुंब लंडनच्या पश्चिमेला रेडिंग गावात राहतं. आजोबा इंदापूर तालुक्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय त्र्याहत्तर. आजी आदल्या वर्षी गेल्या. त्यानंतर मुलानं हट्टानं वडिलांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. फ्रान्सचा बेत आधीच ठरलेला असल्यामुळे मुंबईहून निघतानाच ब्रिटनचा आणि युरोपचा असे दोन्ही व्हिसा त्यांच्या पासपोर्टावर होते.

बेत ठरवला होता शेजाऱ्यानं. हा शेजारी प्लंबर. त्याचा मुलगा आणि नातू एका वर्गात. रेडिंगच्या आसपास वाळू-खडी काढून झालेले खड्डे आहेत, त्यांत पाणी साठून तळी झाली आहेत. शेजारी शनिवार-रविवारी आपल्या मुलाबरोबर या मराठी पोरालाही तिथे घेऊन जाई. बापाला कॉम्प्युटरच्या कामातून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. पोराला मात्र शेजाऱ्यामुळे गळाचं वेड लागलं.

आणि वेड तरी कसलं? कार्प नावाच्या माशाचं. इंग्लंडमध्ये या माशापायी संसार विसरणारी माणसं आहेत. १९५२ साली रिचर्ड वॉकर नावाच्या गृहस्थानं हेरफर्डशायरमधल्या रेडमायर तळ्यात चव्वेचाळीस पौंडांचा, म्हणजे वीस किलोंचा कार्प धरला. तो मारला नाही, तर लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयात पाठवला. १९७१पर्यंत तो तिथे जगला, लोक रांगा लावून बघून गेले. पुढे १९८०च्या दशकात इंग्रजांना फ्रान्समधल्या मोठ्या तलावांचा शोध लागला. तिथले कार्प अधिक मोठे! मग कित्येक इंग्रजांनी तिथे तळ्यासकट घरं घेतली आणि ती आठवड्याच्या भाड्यानं देऊ लागले. घरात बायकामुलांची सोय, दारात तळं. अशाच एका घरी ही दोन कुटुंबं निघाली होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात आमिष बनवायचा कार्यक्रम झाला. रवा, सोयाबीनचं पीठ, सुक्या माशांची पूड आणि अंडी एकत्र मळायची, सुपारीएवढ्या गोळ्या वळायच्या आणि उकळत्या पाण्यात टाकून घट्ट करायच्या. सुनेनं आणि शेजारणीनं मिळून पाच किलो गोळ्या वळल्या. "दिवाळीत एवढे लाडू वळले नाहीत कधी!" सून हसत म्हणाली. आजोबांनीही बाह्या सरसावल्या. त्यांच्या गोळ्या सगळ्यांत गोल झाल्या. "आम्ही भीमेवर ज्वारीच्या पिठाचा गोळा लावायचो," ते एवढंच म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

सामान भरताना मुलानं लॅपटॉपच्या पिशवीत एक निळी फाईल सरकवली. ती सुनेनं पाहिली. "तिथे कशाला?" तिनं हळूच विचारलं. "निवांत बोलता येईल," तो म्हणाला.

फाईलमध्ये गावच्या घराच्या आणि दीड एकर जमिनीच्या विक्रीचे कागद होते. गिऱ्हाईक तयार होतं. आजोबांची सही मिळाली की झालं. त्यांनी पुण्याला जायचं, ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहतीत एक खोली घ्यायची. तिथे डॉक्टर, जेवण, सोबत सगळं. लेक पुण्यातच. मुलाचं चुकत होतं असंही नाही. आजी गेल्या त्या रात्री आजोबा घरात एकटेच होते आणि मदतीला माणूस यायला पाऊण तास लागला होता. ते साता समुद्रापलीकडे बसलेल्या मुलाच्या मनातून जात नव्हतं.

इंग्लंडच्या किनाऱ्यावर फोकस्टनला मोटारी थेट आगगाडीच्या डब्यात चढल्या. समुद्राखालचा हा बोगदा पन्नास किलोमीटरांचा, १९९४ साली सुरू झालेला. पस्तीस मिनिटांत पलीकडे फ्रान्स! आजोबा मोटारीतच बसून होते. "वर समुद्र आहे?" त्यांनी दोनदा विचारलं. मग गाड्या दक्षिणेकडे धावू लागल्या. कापणी झालेली गव्हाची शेतं, टोलनाके, द्राक्षमळे. संध्याकाळी सँ दिझिए गावाजवळ ओकच्या जंगलात ते घर सापडलं. लाकडी चौकटी आणि मातीच्या भिंतींचं जुनं घर. समोर सात-आठ एकरांचं तळं.

घराच्या दारावर नियमांचा कागद होता. गळाला मागचा काटा नको, म्हणजे तो माशाच्या तोंडातून अलगद निघतो. मासा जमिनीवर ठेवायचा नाही, ओल्या गादीवरच ठेवायचा. हात ओले करूनच त्याला शिवायचं. जखमेला औषध लावायचं. आणि शेवटचा नियम, प्रत्येक मासा परत पाण्यात.

आजोबांनी आपली पिशवी उघडली आणि बंद केली. नातवानं पाहिलंच. पिशवीत गावाकडून आणलेला कांदा-लसूण मसाला होता. माशाला लावायला म्हणून खास आणलेला! सगळे पोट धरून हसले. आजोबाही हसले, पण मग म्हणाले, "खायचा नाही तर त्याच्या तोंडात गळ अडकवायचा कशाला? भुकेसाठी मारणं समजतं. गंमत म्हणून दुखवणं हे काही मला पटत नाही."

शेजाऱ्यानं मुलाकडून त्याचा अर्थ समजून घेतला. तो रागावला नाही. "त्यांचं म्हणणं खोटं नाही," तो म्हणाला, "माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एवढंच सांगतो, मासे आम्हाला मोलाचे वाटतात म्हणून ही तळी राहिली आहेत."

पहिले तीन दिवस मोलाचा मासा काही फिरकला नाही. फ्रान्समध्ये त्या आठवड्यात उन्हाची लाट होती. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, मासे सुस्तावतात, खात नाहीत. दोन्ही पोरं काठावर गळ टाकून बसलेली. दोरीला मासा लागला की किंचाळणारं विजेवरचं यंत्र असतं, ते मुकं. रात्री पोरं तिथेच तंबूत झोपायची. बायकांचं मात्र छान जमलं. दुपारी सावलीत गप्पा, संध्याकाळी कधी शेजारणीचे भाजलेले सॉसेज, तर कधी सुनेचं पिठलं. शेजाऱ्यांची लहान मुलगी आजोबांना 'अजोबा' अशी हाक मारू लागली. त्यांनी तिला मोड्यांचा खेळ शिकवायला घेतला, खड्यांचे पाच सागरगोटे करून.

दुसऱ्या रात्री जेवण झाल्यावर मुलानं विषय काढला. "अण्णा, ते कागद आणलेत. गिऱ्हाईक थांबलंय."

"सुट्टी आहे ना? बघू," आजोबा म्हणाले आणि उठून काठावर गेले. मुलगा तिथेच लॅपटॉप उघडून बसला. बाप-लेकाचं बोलणं गेली कित्येक वर्षं असंच, दोन वाक्यांचं.

चौथ्या रात्री वादळ झालं. ढग गडगडले, तासभर पाऊस कोसळला आणि हवा गार झाली. पहाटे तीन वाजता यंत्र किंचाळलं!

सगळं घर जागं झालं. नातू पायांत बूट न घालताच धावला. दांडी कमानीसारखी वाकली होती, रीळ सूं सूं करत उलगडत होतं. "ओढू नकोस! जाऊ दे त्याला, दमू दे!" शेजारी ओरडत होता. पण दांडीला त्यानं हात लावला नाही. पोराचा मासा पोरानंच काढायचा. आजोबा विजेरी धरून उभे. मुलगा पायजम्यावर, चिखलात. वीस मिनिटं हा खेळ चालला. एकदा दोरी पाणवनस्पतीत अडकली आणि सगळ्यांचे श्वास थांबले. मग जाळ्यात ते धूड आलं.

ओल्या गादीवर ठेवल्यावर आजोबांनी विजेरी जवळ आणली. तपकिरी-सोनेरी पाठ, तोंडाशी चार मिशा, आणि अंगभर खवले नाहीतच. फक्त पाठीला नि शेपटीजवळ रुपयाएवढे मोठाले.

"अरे! हा तर सायप्रिनस!" आजोबा मोठ्यानं म्हणाले.

शेजारी चमकून बघत राहिला. सायप्रिनस हे या माशाच्या शास्त्रीय नावातलं पहिलं नाव. इंग्रज प्लंबरला ते पुस्तकातून माहीत होतं. इंदापूरच्या मास्तरांना ते बाजारातून माहीत होतं! कारण हा मासा मूळचा आपला नव्हे. आपले कटला, रोहू, मृगळ. सायप्रिनस भारतात आला तो १९३९ साली, श्रीलंकेहून निलगिरीच्या डोंगरातल्या तलावांत. पुढे १९५७ साली बँकॉकहून त्याची दुसरी जात आणली गेली. मत्स्यबीज धरणाधरणांत सोडलं गेलं आणि त्या बीजाबरोबर शास्त्रज्ञांचं नावही कोळ्या-भोयांच्या तोंडी बसलं. उजनीच्या काठी कुणाला 'कार्प' म्हणून विचारलं तर कळणार नाही. सायप्रिनस म्हटलं की कोणीही टोपलीकडे बोट दाखवील.

वजन भरलं चौदा किलो. शेजाऱ्यानं माशाच्या ओठाला कापसानं औषध लावलं. घरातली एक वही आणून त्यानं पानं उलटली. दर माशाच्या खवल्यांची ठेवण वेगळी असते, बोटाच्या ठशासारखी. वहीतल्या जुन्या फोटोंतला एक फोटो तंतोतंत जुळला. हाच मासा! अकरा वर्षांपूर्वी तो सात किलोंचा होता. तेवढ्या काळात कितीजणांनी त्याला बाहेर काढलं होतं आणि प्रत्येकानं परत सोडलं होतं.

नातू कमरेएवढ्या पाण्यात उतरला. दोन्ही हातांनी माशाला सरळ धरून उभा राहिला. कल्ले संथपणे उघडू-मिटू लागले. मग एक झटका, आणि हात रिकामे. आजोबा बराच वेळ त्या काळ्या पाण्याकडे बघत होते.

पाचव्या दिवशी पोरं दुपारपर्यंत झोपली. मग सगळे मोठ्या तलावावर फिरायला गेले. तिथून जवळच देर नावाचं सरोवर आहे. अठ्ठेचाळीस चौरस किलोमीटर पाणी, पैलतीर धूसर दिसतो. वाळूचे किनारे, शिडाच्या होड्या, आइस्क्रीमच्या गाड्या. हिवाळ्याच्या तोंडावर उत्तरेकडून क्रौंच पक्ष्यांचे हजारोंचे थवे इथे उतरतात, हे ऐकून आजोबांना भिगवणचे रोहित पक्षी आठवले. "आमच्याकडेही येतात, धरणावर," ते म्हणाले.

पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या एका टोकावर एक दगडी चर्च उभं होतं. तिन्ही बाजूंनी पाणी. आसपास घर नाही, दार नाही. शेजारी छोटंसं कबरस्तान. बाजूला पाटी होती. सुनेला थोडं फ्रेंच येतं, तिनं वाचायला सुरुवात केली.

हे सरोवर निसर्गाचं नव्हे. मार्न नदीच्या पुरापासून पॅरिस वाचावं आणि उन्हाळ्यात नदीला पाणी राहावं, म्हणून १९७४ साली बांधून पूर्ण झालेलं. त्यासाठी तीन गावं बुडाली. शाँतकॉक, शाँपोबेर आणि न्यूइझमाँ. शाँपोबेरचं हे चर्च तेवढं उंचावर म्हणून राहिलं. न्यूइझमाँचं लाकडी चर्च खोलून, तुळया हलवून दुसरीकडे उभारलं.

"पुन्हा वाच," आजोबा म्हणाले. सुनेनं पुन्हा वाचलं. आजोबा चर्चच्या पायरीवर बसले.

उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं. पाणी मावण्याचा हिशेब केला तर उजनी या सरोवराच्या नऊपटींहून मोठी. भीमेकाठची कितीतरी गावं तिच्या पोटात गेली, त्यातलं एक आजोबांचं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखं. त्या दिवशी, परक्या देशातल्या परक्या देवाच्या पायरीवर, आजोबा पहिल्यांदा बोलले.

नदीचा घाट कसा होता. घाटावर गळ टाकून बसलं की कुणाची आई कुठून हाक मारायची. धरण पुरं होण्याआधी दोन-तीन वर्षं गाव उठलं तेव्हा शाळेची घंटा आणि हजेरीपट त्यांनी स्वतः डोक्यावर वाहून नेले. देवाची मूर्ती नव्या गावठाणात नेली, देऊळ तिथेच राहिलं.

"तुझी आई काही केल्या निघेना," ते मुलाकडे वळून म्हणाले. "दाराचा दगडी उंबरठा काढल्याशिवाय गाडीत बसणार नाही म्हणाली. चार माणसांनी तो उपटला. बैलगाडीत तो आडवा टाकला आणि वर तुला बसवलं. तीन वर्षांचा होतास. उंबऱ्यावर बसूनच तू नव्या गावात आलास."

मुलगा काही बोलला नाही. तो उंबरठा त्यानं जन्मभर ओलांडला होता. शाळेला जाताना, कॉलेजला जाताना, विमानतळावर निघताना. आई रोज सकाळी त्यावर रांगोळी काढायची. तो कुठून आला हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, आणि फाईलमधल्या कागदांत त्याचा उल्लेख नव्हता. 'दगड-विटांचे बांधकाम' एवढंच लिहिलेलं होतं.

त्या रात्री पोरांच्या तंबूशेजारी दोन खुर्च्या टाकून बाप-लेक बसले. लॅपटॉप घरात राहिला. बराच वेळ बेडकांचा आवाज तेवढा येत होता.

"मला भीती वाटते, अण्णा," मुलगा शेवटी म्हणाला. "रात्री तुम्हाला काही झालं तर? आईच्या वेळी..."

"मलाही वाटते," आजोबा म्हणाले. "ती गेल्यापासून रात्री दिवा लावून झोपतो. तुला सांगितलं नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "एकदा सरकारनं उठवलं. तेव्हा सगळं गाव बरोबर होतं, तुझी आई होती. आता एकट्यानं उठायचं जिवावर येतं रे. तो मासा बघ. बाहेर काढलं, औषधपाणी केलं, मग त्याच्याच पाण्यात सोडलं. औषधपाणी कर ना तू माझं. नको कोण म्हणतंय?"

त्या रात्री वाद मिटला असं नाही. दोघांनी आपापली बाजू मांडली, आवाजही चढले. तंबूतून नातवानं "श्शू! मासे पळतील!" म्हणून दटावलं. पण दोन वाक्यांच्या पुढे बोलणं गेलं होतं. पहाटेपर्यंत तोडगा निघाला. घर राहील. संडास-न्हाणीघर घरातच करायचं, भिंतीला धरायला दांडे बसवायचे. चुलतभावाचा कॉलेजात जाणारा मुलगा रात्री सोबतीला येईल, त्याची फी मुलानं भरायची. उन्हाळ्याचे तीन महिने आजोबांनी लेकीकडे पुण्यात काढायचे आणि कुरकुर करायची नाही. जमिनीचा अर्धा तुकडा विकायला आजोबाही तयार झाले. निळी फाईल जशी आली तशीच कोरी परत गेली.

मासे धरून सोडण्याबद्दल आजोबांचं मत मात्र बदललं नाही. निघताना त्यांनी शेजाऱ्याला तेच पुन्हा सांगितलं. शेजाऱ्यानं हसून त्यांचा हात हातात घेतला. आजोबांनी त्याला कांदा-लसूण मसाल्याची पुडी दिली. बाजारातल्या माशाला लावायला!

पुढच्या वर्षी, २०१९च्या मे महिन्यात उजनीचं पाणी खूप खाली गेलं. पळसदेवचं जुनं मंदिर पाण्याबाहेर आलं. शाळेला आठवड्याची सुट्टी मिळताच नातू वडिलांबरोबर गावी आला. आजोबाही लेकीकडून मुद्दाम आले. तिघं तडकलेल्या गाळावरून चालत गेले. आजोबांनी काठीनं रेघा मारून दाखवलं. इथे शाळा, इथे घाट, हे आपलं घर. जोत्याचे चार दगड दिसत होते. पुढच्या बाजूला, दारापाशी, एक रिकामी खाच होती. मुलगा खाली बसला आणि त्यानं खाचेवरून हात फिरवला.

परतताना काठावर एका भोयाच्या टोपलीत सायप्रिनस दिसला. आजोबांनी तो घेतला. घरी आल्यावर नातवानं उंबरठ्यापाशी थांबून चपला काढल्या आणि आधी त्या दगडाचा फोटो घेतला. संध्याकाळी मसाला लावलेल्या तुकड्या तव्यावर चरचरू लागल्या. नातू जरा घुटमळला, मग त्यानं पहिला तुकडा तोंडात टाकला आणि दुसरा मागितला.

"आजोबा, केवढा होता हो हा? किती किलो?" त्यानं सवयीनं विचारलं.

"ताटात आलेल्याचं वजन करायचं नसतं," आजोबा म्हणाले. "जेव!"